यादोरावाची नांदी

केवळरामच्या तेरवीला यादोराव जीप घेऊन आला. पंगतीत बसला, बुंदी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि हात धुतल्यावर दोन माणसांकडून पायपेटी उचलवून जीपमध्ये टाकली.

"कंपनीची वस्तू आहे वयनी," तो केवळरामच्या बायकोला, रुखमाला म्हणाला. "कंपनीतच राह्यली पायजे."

रुखमा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पेटी गेली याचं दुःख तिला नंतर झालं. त्या वेळी ती फक्त जीपकडे पाहत होती. हीच ती जीप. हिच्यात केवळरामला जागा मिळाली नव्हती, आज त्याची पेटी मात्र मजेत बसून चालली होती.

झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. यादोरावाची कंपनी तेव्हा साऱ्या भंडारा जिल्ह्यात नावाजलेली होती. यादोराव स्वतः राजा व्हायचा. उंचापुरा गडी, आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं व्हावं. केवळराम त्याचा पेटीवाला. फलकावर 'संगीत : यादोराव' असं लिहिलेलं असे, आणि लोकांना वाटे की चाली यादोरावाच्या. कंपनीतल्या लोकांना वाटे केवळरामच्या. खरं फक्त नवरा-बायकोला ठाऊक होतं. रुखमा आंधळगावच्या घरात सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली की सुपाच्या ठेक्यावर तिच्या तोंडून काहीतरी निघायचं. केवळराम ओसरीवरून ओरडायचा, "थांब थांब, पुन्हा म्हण!" आणि पेटीवर ते शोधून काढायचा. पुढच्या मंडईत तीच चाल राणीच्या तोंडी यायची आणि लोक रुमाल उडवायचे. रुखमाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चाल घरातून निघाली काय आणि घरधन्याच्या बोटातून निघाली काय.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मंडईत कंपनी दिघोरीला होती. केवळराम तापानं फणफणला होता. थंडी भरायची, दात वाजायचे, आणि तशातच त्यानं सगळा प्रयोग वाजवला. सकाळी त्याला नीट बोलता येईना. त्यानं यादोरावाला हात जोडले, मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचवा म्हणाला. जीप समोर उभी होती. पण पुढच्या गावी पडदे न्यायचे होते. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, नदीचा पडदा. ते दव लागून खराब झाले तर रंग उतरतो. यादोरावानं जीपमध्ये पडदे भरले आणि केवळरामसाठी दिघोरीच्या एका शेतकऱ्याची बैलगाडी ठरवून दिली. केवळराम वाटेतच गेला.

त्या गाडीवानानंच प्रेत आंधळगावला आणलं. त्यानं रुखमाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, जीप उभी होती. माह्या डोळ्यानं पाह्यली. पडदे नेले, माणूस ठेवला."

बाकी कुणी हे बोललं नाही. कंपनीतल्या लोकांची चूल यादोरावावर चालत होती. आणि यादोराव तर गावोगाव वेगळंच सांगत सुटला. केवळराम पिऊन होता म्हणे. सांगूनही ऐकलं नाही, रात्रभर पीत बसला, त्यातच गेला. केवळरामनं आयुष्यात विडीसुद्धा ओढली नव्हती. पण यादोराव सांगायचा तेव्हा गळा भरून आणायचा, आणि यादोरावाचा गळा भरला की समोरच्याचे डोळे भरायचेच. केवळरामची आई गोदावरीबाई, तिलाही ते खरं वाटलं. आपलं पोर इतकं बिघडलं कसं, याला कुणीतरी कारण पाहिजे होतं, आणि ते घरातच सापडलं.

"तुह्याच पायी पेयाले लागला तो," म्हातारी रुखमाला म्हणाली. "घरात पोर ना बाळ. सुख असतं तर मानूस बाटलीकडे गेला असता का?"

रुखमानं गाठोडं बांधलं आणि तुमसरला भावाकडे आली.

भाऊ ईश्वर रेडिओ दुरुस्त करायचा. पुढं टीव्ही आले तसे टीव्हीही करायला लागला. त्याच्या दुकानामागच्या खोलीत रुखमा राहू लागली आणि तांदळाच्या गिरणीत पाखडणीच्या कामावर जाऊ लागली. ती कुणाशी भांडली नाही, कुणापाशी रडली नाही. पण दरवर्षी दिवाळीनंतर यादोरावाच्या नाटकाची जाहिरात करत ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा गिरणीसमोरून जायची, आणि तिच्यातून रुखमाची चाल वाजायची. बायका सुपं थांबवून ऐकायच्या. "कशी गोड चाल बांधते ना मा यादोराव!" एखादी म्हणायची. रुखमा सूप थांबवत नसे. दात मात्र असे आवळून धरी की संध्याकाळी भाकर चावताना जबडा दुखायचा. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. रुखमाचा राग भुशात ठेवलेल्या निखाऱ्यासारखा होता. वरून राख, हात घातला की कळावं.

शहाऐंशीच्या सुमारास मॅंगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाची बदली झाली. जाताना त्यानं ईश्वरकडे एक बिघडलेली वस्तू टाकून दिली. काळी, पाटीएवढी, वर रबराची बटणं. घरचा कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचा. ईश्वरनं आधी नुसता खोलून पाहिला. मग आतली जळलेली पट्टी बदलली, आणि एके दिवशी दुपारी जुन्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर अक्षरं उमटली. सोबत इंग्रजी पुस्तक होतं. ईश्वर ते बोट ठेवून ठेवून वाचायचा. एका पानावरचं पाहून त्यानं बटणं दाबली, बीप असा शब्द उमटला, पुढं दोन आकडे. आणि त्या काळ्या पाटीतून आवाज आला. डास कानाशी यावा तसा बारीक, पण सरळ, न हलणारा.

रुखमा मागे चूल फुंकत होती. ती उठून दाराशी आली.

"हा सा आहे," ती म्हणाली.

"का?"

"हा सा वाजला. आता रे वाजव."

ईश्वरनं दुसरा आकडा बदलला. पहिल्यांदा कोमल लागला, मग शुद्ध. रुखमा जमिनीवर बसली. शून्य म्हणजे सा, दोन म्हणजे रे, चार म्हणजे ग. एक म्हणजे कोमल रे. पहिला आकडा सूर किती वेळ धरायचा त्याचा. संध्याकाळपर्यंत भाकरी झाल्या नाहीत, आणि ईश्वरनं विचारलंही नाही. तेरवीच्या दिवसानंतर बहीण पहिल्यांदा स्वतःहून चार वाक्यं बोलली होती.

सुरुवातीला भलतंच व्हायचं. रुखमा सातवी शिकलेली, आकडे येत होते, पण ती रबरी बटणं कोणती कुठं हे शोधण्यात जीव जायचा. एक स्वल्पविराम राहिला की मशीन अडून बसे. अर्धी चाल भरून व्हावी आणि वीज जावी, की सगळं पुसलं. पुन्हा सा पासून. प्रत्येक वेळी ईश्वर कपाळाला हात लावायचा, रुखमा मात्र मुकाट्यानं पुन्हा भरायला बसायची. पुढं तिला कॅसेटवर साठवून ठेवायचं समजलं. भरलेली चाल कॅसेटवर गेली की ऐकताना नुसती किर्र ओरडायची, पण तीच कॅसेट मशीनला ऐकवली की चाल जशीच्या तशी परत.

मशीनला श्वास नव्हता, मींड नव्हती. सुरावरून सुरावर ते पायरीवरून उडी मारावी तसं जायचं. रुखमानं पूर्णांकाच्या जागी दशांश भरून पाहिले. चार, मग तीन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक सहा, अगदी थोडा थोडा वेळ. आणि ग वरून सूर घसरत खाली आला, अगदी केवळरामला पेटीवर कधी जमला नाही तसा. पेटीत तो सूर नसतोच.

एका वेळी एकच सूर निघायचा, ही मोठी अडचण. त्यावर ईश्वरनं वाट काढली. दुकानात टेपरेकॉर्डर दोन होते. एकावर आधी चाल भरायची. मग तो वाजवत असतानाच मशीनकडून खालचा सूर काढायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरायचं. वायर त्यानं स्वतः डाग देऊन जोडली. दुसरा टेपरेकॉर्डर जरा मंद चालायचा, त्यामुळे सूर उतरायचा. रुखमानं मशीनचे आकडेच तेवढे उतरवून घेतले. शेवटी ती माइकसमोर सूप घेऊन बसली आणि त्यात कोंडा घालून ठेका धरला. छक, छक, छकछक. तिसऱ्या फेरीत सगळं एकत्र वाजलं तेव्हा ईश्वर दुकानातून धावत आला.

"बाई, हे का होय?"

"हे यादोरावाचं मरण होय," रुखमा म्हणाली.

आंधळगावच्या भैय्यालालनं नुकतीच नाटकाची कंपनी काढली होती. तरुण माणसं, नवं नाटक, पण पेटीवाला मिळेना. जो चांगला तो यादोरावाकडे. भैय्यालाल त्याचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला ईश्वरकडे आला होता. रुखमानं त्याला कॅसेट ऐकवली. तो स्टुलावर बसला होता, उठून उभा राहिला.

"कोनाची कंपनी होय जी ही? मुंबईची?"

"माही," रुखमा म्हणाली. "तुमच्या नाटकाले देतो. फक्त रिक्षात मोठ्यानं लावा. आणि जिथं यादोराव जाईल तिथं तुमी आधी जा."

भैय्यालालनं तसंच केलं. तसलं संगीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. राक्षस यायचा तेव्हा जमिनीतून यावा तसा आवाज घुमायचा. राणी रडायची तेव्हा तो घसरणारा सूर तिच्याबरोबर रडायचा. आणि खाली सुपाचा ठेका, तो तर प्रत्येकीच्या घरचा. दोन हंगामांत मंडईच्या कमिट्या विचारायला लागल्या, "कॅसेटवालं नाटक आहे का? नसेल तर नोको." यादोरावाची पेटी लोकांना जुनी वाटायला लागली. त्याची राणी भैय्यालालकडे गेली. तबलजी गेला. पडदे तर केव्हाच फिके पडले होते. रुखमाला गिरणीत बातम्या यायच्या, अमक्या गावी यादोरावासमोर अर्धा मांडव रिकामा होता, तमक्या गावी लोकांनी मधूनच उठून जायला सुरुवात केली. ती ऐकायची, सूप आपटायची, आणि घरी येऊन मशीनसमोर बसायची. यादोराव भीक मागायला येईल याची ती वाट पाहत होती. आणि तो आला.

पोळ्यानंतरचे दिवस होते. यादोराव दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. केस काळे केलेले, पण मुळांशी पांढरे.

"वयनी," तो म्हणाला. "वळखलं का?"

"बसा यादोराव," रुखमा म्हणाली. पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची.

तो बसला. केवळरामची आठवण काढली, गळा भरून आणला. रुखमा कॅसेटच्या डब्या पुसत राहिली. मग त्यानं गळा सोडून दिला आणि सरळ बोलला.

"कंपनी बुडून राहिली. नवं नाटक बसवलं आहे. मले तुमची कॅसेट पायजे. तुमी म्हणाल ते."

"नांदी तुमच्या आवाजात भरीन," रुखमा म्हणाली.

"गातो ना! कायले नाही गानार?"

"गायचं नाही. बोलायचं. दिघोरीत का झालं ते. जीप कुठं होती, केवळराम पिऊन होता का नव्हता. नाटकाच्या आधी दर गावी ते वाजेल, आन् तुमी रंगमंचावर उभे राहाल. टेप मी चालवीन."

यादोरावाचा चेहरा उतरला. त्यानं ईश्वरकडे पाहिलं, ईश्वरनं टीव्हीच्या मागच्या बाजूत डोकं घातलं.

"वयनी, लोक मारतीन मले."

"मंग नोको करू नाटक."

तो निघून गेला. पुढच्या बाजारच्या दिवशी परत आला.

रुखमानं माइक समोर ठेवला. यादोरावानं घसा साफ केला आणि सुरू केलं, "रसिक मायबापहो! काळरात्र होती ती..." रुखमानं टेप थांबवला.

"नाटक नोको. साधं बोला."

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा आवाज चढला. तिनं पुन्हा थांबवलं. असं होत होत दुपार कलली. यादोराव घामाघूम झाला, आणि शेवटी कंटाळून, खाली मान घालून, साध्या आवाजात बोलला: "दिघोरीच्या मंडईत केवळराम पेटीवाल्याले ताप होता. तो पिऊन नव्हता. त्यानं जीप मागितली. मी जीपमधी पडदे भरले. तो वाटेत मेला. त्याले दारुडा मी ठरवलं. मी यादोराव."

रुखमानं बटण दाबलं. टेप थांबला.

त्या शब्दांखाली तिनं राणीच्या गाण्याची जुनी चाल घातली, अगदी मंद. ईश्वरनं यादोरावाला आधीच बजावलं, "यातलं बोलनं काढता येत नाही बरं का जी. भात शिजला की कण्या निवडता येत नाहीत."

पहिला प्रयोग पवनीकडच्या एका गावात होता. दिवेलागणीला मंडळी गोळा झाली. पडदा वर गेला, यादोराव राजाच्या वेशात हात जोडून उभा. रुखमा रंगमंचाच्या बाजूला टेपपाशी. आवाज सुरू झाला. पहिल्या दोन वाक्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुजबुज थांबली. 'तो वाटेत मेला' आलं तेव्हा यादोराव मुकुटाखाली दगडासारखा उभा होता. गालावरचा रंग घामानं ओघळत होता. मागून एक माणूस ओरडला, "मंग इथं कायले उभा आहेस बे?" कुणी हसलं नाही. नाटक कसंबसं पार पडलं.

त्या दिवशी नाटकानंतर रुखमा पोटभर जेवली. तिला आठवेना इतक्या वर्षांत आपल्याला कधी अशी भूक लागली होती.

पण यादोराव जन्माचा नट. दुसऱ्या गावी तो तितका घाबरला नाही. तिसऱ्या गावी 'जीप मागितली' या शब्दांवर त्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि कपाळावर हात नेला. चौथ्या गावी दिवेवाल्याला सांगून तांबडा उजेड पाडला, आणि 'मेला' या शब्दावर धाडकन गुडघ्यांवर बसला. डोळ्यांतून खरी आसवं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी मंचावर येऊन त्याच्या गळ्यात हार घातला. "केवढ्या मनाचा मानूस," मंडईच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणाला. "आपलं पाप असं चारचौघांत सांगाले छाती लागते." आता गावं त्या नांदीसाठीच नाटक ठरवायला लागली.

रुखमा टेपपाशी बसून ते पाहत होती. त्या टाळ्या तिच्या कानावर चपला मारल्यासारख्या पडत होत्या. परत येताना एसटीत ती ईश्वरला म्हणाली, "मुडदाही विकून खाते हा."

"जाऊ दे बाई," ईश्वर म्हणाला. "त्यानं कबूल तर केलं ना? जितलीस तू."

"त्यानं कुठं केलं? टेपनं केलं. तो नुसता रडून राहिला."

हे बोलली आणि स्वतःचेच शब्द तिच्या मनात घोळायला लागले. मोहाडी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर तिनं कपाटातून आधीची कॅसेट काढली, जिच्यावर नुसती चाल होती, शब्द घालण्याआधीची.

पुढचा प्रयोग आंधळगावचा होता.

गोदावरीबाई पहिल्या रांगेत पोत्यावर बसली होती. पार वाळून गेलेली, डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून पुढं बसवलेली. सुनेशी तिचं दहा वर्षांत बोलणं नव्हतं. यादोरावाच्या नांदीची बातमी तिच्या कानावर गेली होती. म्हातारी काठी टेकत स्वतःच्या कानांनी ऐकायला आली होती. मांडव खचाखच भरलेला. भैय्यालालही मागं उभा होता.

पडदा वर गेला. यादोराव पुढं आला, हात जोडले, मान तिरपी केली. तांबडा उजेड पडला. रुखमानं बटण दाबलं.

चाल सुरू झाली. यादोराव थांबला. शब्द यायची वेळ आली, आणि शब्द आले नाहीत. नुसता तो बारीक, न हलणारा सूर, मग घसरत खाली येणारा सूर, खाली सुपाचा ठेका. यादोरावानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाजूला पाहिलं. रुखमा त्याच्याकडेच पाहत होती. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

त्यानं पुढं टाकायचं पाऊल टाकलं, कारण पायाला ते ठाऊक झालं होतं. कपाळावर हात नेला. पण कशावर नेला? कुठलाच शब्द नव्हता. मागून एक पोरगं फिसकन हसलं. यादोरावानं हात खाली घेतला. मग तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, "वयनी, टेप. टेप लावा." माइक समोर होता. साऱ्या मांडवानं ते ऐकलं.

"टेप चालू आहे," रुखमा बाजूनं म्हणाली. मोठ्यानंच म्हणाली.

लोक चुळबुळायला लागले. कुणी म्हणालं, बिघडला. कुणी म्हणालं, बोला ना जी, आमाले ऐकाचं आहे. यादोरावानं तोंड उघडलं. ज्या माणसानं तीस वर्षं शेकडो राजांची भाषणं न अडखळता म्हटली, त्याच्या तोंडून आवाज निघेना. "रसिक मायबापहो," तो म्हणाला, आणि थांबला. पुन्हा म्हणाला, "रसिक..." आणि पुन्हा थांबला. गळा भरून आणायला गेला, पण गळाही भरेना. चाल संपून परत पहिल्यापासून सुरू झाली होती. रुखमानं ती एकामागून एक अशी भरून ठेवली होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेत गोदावरीबाई उठली. काठीवर भार देऊन उभी राहिली.

"यादोराव," ती म्हणाली. "मले कमी दिसते, ऐकू येते. बोल तू. माह्या पोराले का झालं होतं?"

यादोराव माइक सोडून म्हातारीसमोर, मंचाच्या कडेशी आला.

"ताप," यादोराव म्हणाला.

"पेला होता का तो?"

यादोरावानं मुकुट काढला. का काढला कुणास ठाऊक, कदाचित उकडलं असेल. हातात धरून उभा राहिला.

"नाही."

"मंग जीप कोनाले देली होती?"

"पडद्याले," यादोराव म्हणाला. आवाज इतका साधा होता की मागच्या लोकांना पुढच्यांनी सांगावं लागलं. पडद्याले म्हणते. पडद्याले. शब्द मांडवातून मागं मागं सरकत गेला. टाळी पडली नाही. शिट्टी नाही. कुणी हार घेऊन उठलं नाही. यादोरावानं दोन्ही बाजूंना पाहिलं, जणू कुणीतरी पडदा टाकेल. पडदा ओढणारा माणूसही तोंडावर हात ठेवून उभा होता. शेवटी यादोराव स्वतःच मागं वळला आणि मुकुट हातात घेऊन रंगमंचाच्या मागच्या बाजूनं उतरून गेला.

रुखमानं टेप बंद केला.

नाटक झालं नाही. लोक थोडा वेळ बसले, मग पोती झटकून उठले. भैय्यालाल पुढं आला, ईश्वरला वायरी गुंडाळायला हात लावला, आणि गेला. यादोरावाची जीप सुरू होईना, तिला चारजणांनी ढकलल्याचा आवाज बराच वेळ येत होता. रुखमा तो आवाज कान देऊन ऐकत होती. जीप गेल्यावरही तिचा जबडा सैल झाला नव्हता. तिला वाटलं होतं, हा माणूस असा गेला की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नव्हतं, पण आता ते उचलता येईल इतकं झालं होतं.

गोदावरीबाई काठी टेकत मंचाच्या बाजूला आली.

"रुखमा, आहेस का वो?"

"आहो."

म्हातारी उभी राहिली. हात पुढं केला, पण रुखमानं तो धरला नाही. "चुकलं माह्यं," गोदावरीबाई म्हणाली. "त्याचं ऐकलं मी. तुले दाराबाहेर काढलं. चाल आता घरी. खोली तशीच आहे."

"नाही येत," रुखमा म्हणाली. "तुमाले ऐकाले मिळालं, तेवढं बस."

म्हातारी रडली नाही. मान हलवली. तिला ते पटलं असावं. जायला वळली, मग थांबली.

"ते वाजून राहिलं होतं ते," ती म्हणाली. "माह्या केवळरामचीच चाल होय ना? तो वाजवे ना ओसरीवर?"

रुखमानं कॅसेट काढून डबीत घातली. डबीचं झाकण लावायला तिला वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली. "चाल माही होय. तो वाजवे फक्त."

गोदावरीबाई काठीनं चाचपत मागं सरकली. मग कोपऱ्यातलं पोतं ओढून त्यावर बसली, काठी आडवी ठेवली आणि म्हणाली, "मंग एकदा अजून लाव. आता मी नीट ऐकतो."

ईश्वरनं वायर गुंडाळायची थांबवली आणि बहिणीकडे पाहिलं. रुखमानं डबी पुन्हा उघडली. मग तिनं भावाला वायर परत जोडायला सांगितली.